यामानोबे-नो-मिची: मार्चमधली सोपी पायवाट आणि शेवटी गरम सोमेन

जपानमध्ये नारा शहराच्या दक्षिणेला, तेन्रीपासून साकुराईपर्यंत, डोंगराचा पायथा धरून एक जुनी वाट जाते. तिचं नाव यामानोबे-नो-मिची. जपानच्या लिखित इतिहासात उल्लेख सापडणाऱ्या सर्वांत जुन्या रस्त्यांमध्ये ती मोडते. लांबी सुमारे १६ किलोमीटर, आणि खडा चढ कुठेच नाही. भातखाचरं, संत्र्यांच्या आणि पर्सिमनच्या बागा, देवळं, छोटी गावं आणि प्राचीन राजांची झाडीने झाकलेली प्रचंड थडगी यांच्यामधून ती वर-खाली होत जाते. सह्याद्रीत गड चढणाऱ्याला ही चाल किरकोळ वाटेल. आईवडील किंवा दहा-बारा वर्षांची मुलं बरोबर असतील तर मात्र याहून चांगली वाट शोधायला जाऊ नका.

पहिल्या खेपेला अख्खी वाट मात्र चालू नका. यानागिमोतो ते मिवा हा दक्षिणेकडचा अर्धा भाग निवडा. तो सात-आठ किलोमीटरचा आहे, बघण्यासारखं बरंचसं त्यातच येतं आणि तो बरोबर जेवणाच्या दारात नेऊन सोडतो. मिवा हे सोमेनचं, म्हणजे गव्हाच्या बारीक शेवयांचं, गाव आहे. तिथली बरीचशी सोमेनची दुकानं दुपारच्या जेवणापुरती चालतात आणि तीन-चारच्या सुमारास आवरतात. म्हणून निघायची वेळ जेवणाच्या वेळेवरून मागे मोजत ठरवायची. नवखे लोक नेमके इथे चुकतात: तेन्रीहून साडेदहाला निघतात, रमतगमत येतात आणि चारला मिवात बंद दारं बघतात.

कधी जायचं

फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा पहिला आठवडा. उमे म्हणजे जपानी प्लमचा बहर साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत असतो. चेरी मार्चअखेरीस सुरू होते. मधल्या दिवसांत झाडं उघडी असतात, पण बांधावर मोहरीच्या जातीची पिवळी नानोहाना फुललेली असते आणि झुडपातून उगुइसु पक्ष्याची शीळ ऐकू येते. गर्दी नको असेल तर हेच दिवस घ्या. फोटोंत चेरी नसेल एवढंच.

मार्चमध्ये दुपारी १२ ते १४ अंश आणि पहाटे दोन-तीन अंश तापमान असतं. सूर्य मार्चच्या मध्याला सहाच्या आसपास मावळतो. मार्चअखेरीला कधीकधी दोन-तीन दिवस बारीक पाऊस लागून राहतो. असा अंदाज दिसला तर बेत पुढे ढकला, कारण वाटेवरची फरसबंदी ओली झाली की फार निसरडी होते.

आदल्या दिवशीची तयारी

पायात जाड तळव्याचे साधे स्पोर्ट्स शूज पुरतात. वाट कुठे डांबरी, कुठे दगडी, कुठे मातीची आहे. गुळगुळीत तळवा असलेले शूज मात्र नकोत. अंगावर तीन थर: आत घाम शोषणारा टी-शर्ट, मध्ये पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. सकाळी स्टेशनवर तिन्ही लागतात, अकरानंतर एक उतरतोच. जाड एकच कोट घेऊन येणारा दिवसभर तो हातात वागवतो.

पिशवीत इतकं असू द्या:

- माणशी एक लिटर पाणी. पेयांची यंत्रं वाटेत आहेत, पण लागतील तिथे नेमकी नसतात.
- माणशी दहा-पंधरा १०० येनची नाणी. कशाला, ते पुढे येईल.
- कचऱ्यासाठी एक मोठी आणि दोन छोट्या प्लास्टिक पिशव्या. वाटेवर कचरापेट्या नाहीत. संत्र्याची सालंसुद्धा परत न्यायची.
- मास्क, आणि ॲलर्जीची गोळी.

गोळीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत जपानच्या बहुतेक भागांत सुगी या सूचिपर्णी झाडाचे परागकण उडतात, आणि मार्चमध्ये ते ऐन भरात असतात. त्यामागोमाग हिनोकी या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचे सुरू होतात. ही वाट ज्या डोंगरांच्या कडेने जाते त्यांवर दोन्ही झाडं भरपूर आहेत. डोळे चुरचुरणं, सटासट शिंका, नाक वाहणं ही लक्षणं लोक सर्दी समजून अंगावर काढतात. पहिल्या वसंतात काहीच न झालेल्यालाही दोन-चार वर्षं जपानात काढल्यावर त्रास सुरू होऊ शकतो. त्रास होतो हे माहीत असेल तर झोप न आणणारी अँटिहिस्टामिनची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच सुरू करा. नाक वाहायला लागल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते. लोकरीचा स्वेटर किंवा शाल वर घेऊ नका, त्यात पराग अडकून बसतात. गुळगुळीत नायलॉनचं जॅकेट घाला आणि परतताना गाडीत चढण्याआधी ते झटका. चष्मा असेल तर तो लावा, लेन्स नको.

यानागिमोतोला पोचणं

क्योतोहून जेआर (जपान रेल्वे) कंपनीच्या मियाकोजी जलद गाडीने नारा पाऊण तासात येतं. ओसाकाच्या बाजूने आलात तर तेन्नोजी ते नारा यामातोजी जलद गाडीने साधारण ३५ मिनिटं. नाऱ्यात मान्यो-माहोरोबा लाइन पकडा. तिलाच साकुराई लाइन असंही म्हणतात. यानागिमोतो तिथून वीसेक मिनिटांवर आहे. या लाइनवर दिवसा तासाला एक-दोनच गाड्या असतात, म्हणून नाऱ्याला पोचायची वेळ पुढच्या गाडीशी जुळवून घ्या, नाहीतर अर्धा-पाऊण तास फलाटावर जातो. पाच मिनिटांनी हुकलेल्या गाडीने जेवण हुकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मोठं सामान नारा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. खायचं-प्यायचं जे घ्यायचं तेही तिथेच घ्या. पुढे वाटेवर किराणा दुकान किंवा कोंबिनी (दिवसरात्र चालणारं छोटं दुकान) मिळेल असं धरून चालू नका. नऊ ते साडेनऊच्या दरम्यान यानागिमोतोला उतरलात की दिवस आरामात बसतो.

पायरी १: यानागिमोतो ते सुजिन सम्राटाचं थडगं, सुमारे एक तास

स्टेशनातून पूर्वेकडे, म्हणजे डोंगराकडे चालू लागा. पाच मिनिटांत कुरोझुका थडग्याचा टेकडीसारखा उंचवटा येतो. १९९७-९८ च्या उत्खननात इथे त्रिकोणी कडा असलेले ३३ कांस्य आरसे एकत्र सापडले. शेजारच्या छोट्या प्रदर्शनगृहात कबरीचं दालन जसं सापडलं तसं उभं केलं आहे. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. वीस मिनिटं इथे जरूर द्या, म्हणजे पुढे दिसणाऱ्या हिरव्या टेकड्यांच्या पोटात काय असतं याची कल्पना येते.

तिथून वर चोगाकुजी. नवव्या शतकात कूकाइ या बौद्ध भिक्षूने स्थापन केलं अशी परंपरा सांगणारं हे बौद्ध देऊळ आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे, थडग्याच्या जवळच, तेन्री शहराचं ट्रेल सेंटर लागतं. तिथे स्वच्छतागृह आणि वाटेचे नकाशे मिळतात. लहान मुलं असतील तर स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या, पुढे ते मोजक्याच ठिकाणी आहे.

मग सुजिन सम्राटाचं थडगं. लांबी २४२ मीटर, भोवती पाण्याचा खंदक. वाट खंदकाच्या काठाने जाते. पुढे केइको सम्राटाचं थडगं याहूनही मोठं, सुमारे ३०० मीटरचं आहे. वरून पाहिलं तर दोन्हींचा आकार कुलपाच्या भोकासारखा दिसतो, पण जमिनीवरून नुसती पाण्यातली झाडी दिसते. आत जाता येत नाही.

पायरी २: केइकोपासून हिबारापर्यंत, दीड तास

सगळ्यात सुंदर टप्पा हाच, आणि वाट चुकते तीही इथेच. वाटेवर जागोजाग यामानोबे-नो-मिचीचे दिशादर्शक आहेत, पण कांजी लिपीत. निघण्याआधी हे नाव जपानीत फोनवर मोठ्या अक्षरात साठवून ठेवा आणि पाटी दिसली की ताडून बघा. पहिलं अक्षर सोपं आहे: तीन उभ्या रेघा, मधली उंच, खाली त्यांना जोडणारी आडवी रेघ. हे अक्षर दिसलं नाही तर पाटी दुसऱ्याच कशाची तरी आहे.

आनाशी गावाजवळ फाटा लागतो. वर डोंगराकडे जाणारा रस्ता ह्योझु देवळाकडे आणि सुमोच्या देवळाकडे नेतो. जपानातली पहिली सुमो कुस्ती तिथे झाली अशी आख्यायिका आहे. चांगली जागा आहे, पण तो चढ आहे आणि जाऊन-येऊन अर्ध्या-पाऊण तासाची भर पडते. मुख्य वाट गावातून दक्षिणेला वळते. सलग दहा मिनिटं चढच लागला तर फाट्यावर परत या.

वस्त्यांमध्ये वाट लोकांच्या अंगणाच्या कडेने जाते. आवाज हळू, कुंपणापलीकडचे फोटो नको. काही बागांभोवती रानडुकरांसाठी विजेच्या तारा असतात, त्यांना हात लावू नका. बांधावरची भाजी, बांबूचे कोंब, खाली पडलेलं संत्रं यातलं काहीच उचलायचं नाही. ते कुणाच्या तरी शेतातलं आहे, आणि विकत घ्यायची सोय दहा पावलांवर असते.

ती सोय म्हणजे बिनमाणसांची दुकानं. लाकडी मांडणी, वर पत्रा, त्यावर पिशव्या बांधून ठेवलेला माल आणि बाजूला पैसे टाकायचा डबा, बहुतेकदा फटीचा किंवा कापलेल्या बांबूचा. दर पुठ्ठ्यावर लिहिलेला असतो. १०० ते ३०० येन. नाणी इथे लागतात. सुटे परत मिळायची सोय नाही, आणि हजाराची नोट घेऊन उभं राहिलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पुढे जावं लागतं. या दिवसांत मिकान संत्री संपत आलेली असतात आणि जाड सालीची हास्साकु, इयोकान ही फळं येतात. हास्साकु थोडं कडवट लागतं, फोडीवरची पांढरी त्वचा सोलूनच खा. नानोहानाच्या कळ्यांच्या जुड्या दिसल्या तर परतीच्या बेताने एक घ्या. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोया सॉस आणि मोहरीच्या पेस्टमध्ये कालवली की उत्तम तोंडीलावणं होतं. वाळवलेलं शिइताके मशरूम दिसलं तर तेही घ्या, शेवटी उपयोगी पडेल.

हिबारा देवळात गाभाऱ्याची इमारत नाही. तीन तोरी, म्हणजे देवळापुढच्या कमानी, जोडून केलेलं एक द्वार आहे, त्यामागे डोंगर. पाठ फिरवून पश्चिमेला बघितलं तर मैदानापलीकडे निजो डोंगराची दोन शिखरं दिसतात. वसंत संपाताच्या आसपास, म्हणजे २०-२१ मार्चला, सूर्य त्याच दिशेला मावळतो. ते बघायचं असेल तर दिवस उलटा आखा: मिवात आधी जेवा, मग उत्तरेला चढून संध्याकाळी हिबाराला या आणि अंधार पडण्याआधी खाली उतरा. टॉर्च मात्र हवी, वाटेवर दिवे नाहीत.

पायरी ३: हिबारापासून मिवापर्यंत, पाऊण तास

वाट झाडीत शिरते. दगडी फरसबंदी, मुळं, सावली. इथे ओल सुकत नाही, म्हणून पाऊल पूर्ण टेकवून चाला. गेनपिन-आन हे छोटं मठासारखं देऊळ, मग साइ देऊळ. साइच्या मागे औषधी मानलेल्या पाण्याचा झरा आहे. बाटली भरून घेता येते.

मिवा डोंगर ४६७ मीटर उंच आहे, आणि तोच देव. म्हणून ओमिवा देवळात मूर्तीची इमारत नाही, पूजा थेट डोंगराची होते. डोंगर चढायला परवानगी मिळते ती साइ देवळात, सकाळी नऊ ते बारा या वेळेत नाव नोंदवून, ३०० येन भरून. वर फोटो काढायचे नाहीत, पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. आजच्या वाटेच्या जोडीला हा चढ घेऊ नका. दुपारी पोचेपर्यंत नोंदणी बंद झालेली असते, आणि तो दोन-तीन तासांचा खरा चढ आहे.

ओमिवात दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकून नमस्कार. प्रांगणातल्या जुन्या सुगीखाली अंडी आणि साके (तांदळाची दारू) ठेवलेली दिसतील. झाडात देवाचा साप राहतो अशी श्रद्धा आहे आणि अंडी त्याच्यासाठी. याच देवळात दर ५ फेब्रुवारीला देवाचा कौल घेऊन त्या वर्षीचा सोमेनचा भाव ठरवतात.

जेवण

सोमेन म्हणजे हाताने ओढून केलेल्या गव्हाच्या शेवया, आपल्या उन्हाळी वाळवणातल्या शेवयांसारख्याच, फक्त त्या थंडीत करतात. गव्हाचं पीठ आणि मिठाचं पाणी मळून, तेलाचा हात लावत, पीळ देत देत कणीक लांबवत नेतात आणि दोन काठ्यांवर ताणून वाळवतात. कोरडी थंड हवा हवी, म्हणून मोसम नोव्हेंबर ते मार्च. काठीवर अडकलेला वळणाचा भाग कापून वेगळा काढतात, त्याला फुशी म्हणतात. तो जाडसर आणि चिवट असतो, स्वस्त विकतात आणि मिसो सूपमध्ये फार छान लागतो. दुकानात दिसला तर सोडू नका.

उन्हाळ्यात सोमेन बर्फाच्या पाण्यात देतात. मार्चमध्ये न्यूमेन मागा, म्हणजे गरम सूपमधलं. माणशी हजार ते दीड हजार येन धरा, रोख ठेवा. एक वाटी पोटभर वाटत नाही. बरोबर काकिनोहा-झुशी येत असेल तर ते घ्या. व्हिनेगर लावलेल्या भातावर खारवलेला बांगड्याच्या जातीचा मासा, पर्सिमनच्या पानात दाबून गुंडाळलेला. पान खायचं नसतं. नाराझुके ही साकेच्या चोथ्यात मुरवलेली लोणची ताटात असतात. त्यांत मद्यार्क राहतो, म्हणून मुलांना आणि गाडी चालवणाऱ्याला नको.

शाकाहारी वाचकांनी हे नीट वाचावं. न्यूमेनच्या वाटीत मासा दिसत नाही, पण सूप जवळपास नेहमीच कात्सुओ माशाच्या किसाचं असतं. "भाजी घातलेलं" म्हणून मागितलं तरी सूप तेच. विचारायचं वाक्य: "कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का?" (यात कात्सुओचं सूप आहे का?) आणि आपली बाजू: "निकु तो साकाना वा ताबेमासेन" (मांस-मासे खात नाही). उत्तर बहुधा "हो, आहे" असंच येईल, आणि छोट्या दुकानात वेगळं सूप करून मिळत नाही. काटेकोर पाळणाऱ्यांनी डब्यात दशम्या किंवा धपाटे घेऊन यावेत, केइकोच्या थडग्यानंतरच्या बागांपाशी बसून खावेत, आणि मिवात कुसा-मोचीवर ताव मारावा. कुटलेल्या चिकट तांदळात योमोगीचा कोवळा पाला घालून आत आझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण भरतात. योमोगी आपल्या दवण्याच्याच कुळातली, त्यामुळे वास ओळखीचा वाटेल. रात्री नाऱ्यात मुक्काम असेल तर सकाळी चागायु मागा: भाजक्या चहात शिजवलेली तांदळाची पेज, मुळात चहा, तांदूळ आणि मीठ एवढीच. सोबतच्या वाट्यांत मात्र मासा असू शकतो.

अर्ध्यात थांबायचं झालं तर

जेआरची लाइन वाटेला समांतर, पश्चिमेला साधारण एक-दीड किलोमीटरवर आहे. कुठूनही उताराने पश्चिमेला वीस-पंचवीस मिनिटं चाललं की यानागिमोतो, माकिमुकु किंवा मिवा यांपैकी एक स्टेशन मिळतं. पाय मुरगळला, मूल कंटाळलं, पाऊस आला, तर ताणू नका, खाली उतरा. परतीला मिवाहून नारा, किंवा एक स्टेशन पुढे साकुराईला जाऊन किंतेत्सु या खासगी रेल्वेने ओसाका.

अख्खी वाट पुढच्या खेपेला करा: तेन्री स्टेशनपासून मिवापर्यंत सुमारे १४-१५ किलोमीटर. आठलाच निघा आणि दुपारचा डबा चोगाकुजीच्या आसपास खा. पहिला टप्पा इसोनोकामी देवळापर्यंत अर्ध्या तासाचा, तिथे आवारात कोंबडे मोकळे फिरतात.

घरी न्यूमेन

मिवातून ५० ग्रॅमच्या जुड्यांचं पाकीट आणा. माणशी दोन जुड्या. आदल्या रात्री एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबु (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि तीन-चार वाळलेली शिइताके भिजत घाला. सकाळी मंद आचेवर तापवा, उकळी फुटायच्या आत कोंबु काढा, नाहीतर सूप बुळबुळीत होतं. शिइताके पाच मिनिटं शिजू द्या, मग तीन मोठे चमचे फिकट सोया सॉस आणि दोन चमचे मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू).

दुसऱ्या पातेल्यात १०० ग्रॅमला एक लिटर या हिशोबाने पाणी खळखळ उकळा. मीठ घालू नका, सोमेनमध्ये ते आहेच. दीड मिनिटात काढा, कारण गरम सूपमध्ये ते आणखी शिजतं. लगेच गार पाण्याखाली दोन्ही हातांनी चोळून धुवा. ओढताना लावलेलं तेल आणि पिठाळपणा इथेच जातो. हे टाळलं तर सूप गढूळ होतं आणि सोमेनचा गोळा बसतो. निथळा, वाटीत घाला, वरून उकळतं सूप. उरलेल्या जुड्या कोरड्या डब्यात, उग्र वासाच्या मसाल्यांपासून लांब ठेवा. सोमेन वास पटकन ओढून घेतं.